कॅम्पातली पणजी: एका प्रदर्शनाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकच्या एका चित्रकार बाईचं आणि तिच्या घरच्यांचं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितेय, त्यामुळे नावं, गाव, बंगला, गॅलरी, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. तिने पणजीवर प्रदर्शन केलं, मी त्या कामात सुरुवातीपासून होते, भिंतीवरचा मजकूर लिहिणं आणि रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढणं माझ्याकडे होतं. हल्ली आपल्याकडे बरेच तरुण कलाकार आजी-पणजीच्या गोष्टी, इंग्रजांचा काळ, घराण्याच्या आठवणी यावर काम करतायत आणि जवळपास प्रत्येकाची गाडी एकाच ठिकाणी अडते, की ही गोष्ट माझी का घरच्यांची, आणि हो कोणी म्हणायचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

ती पस्तिशीची. नाशिकमध्ये वाढली, मुंबईत शिकली, परत नाशिकला आली. जुनं कापड, जुने फोटो आणि आवाज यातून काम करते. तिची पणजी देवळाली कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया होती, नवरा गेल्यावर म्हणजे साधारण १९४० च्या आसपास कामाला लागली ते १९४७ ला साहेबलोक निघून जाईपर्यंत. घरात एवढंच बोललं जायचं, "ती कॅम्पात कामाला होती," आणि विषय बदलायचा.

देवळाली आता आपल्याला तोफखान्यामुळे माहितीये, पण तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं ते स्कूल १९४७ नंतर आताच्या पाकिस्तानातल्या काकुलहून इथे आलं. त्याआधी, १८६० च्या दशकापासून, देवळाली म्हणजे गोऱ्या सैनिकांचा थांबा होता. मुंबईला बोटीतून उतरले की रेल्वेने कसाऱ्याचा घाट चढून इथे यायचे, आणि मुदत संपलेले, आजारी पडलेले परतीच्या बोटीची वाट बघत इथेच पडून राहायचे. त्यांच्यासाठी बराकी, मेस, दवाखाना, बंगले, आणि या सगळ्याच्या मागच्या बाजूला धोबी, भिश्ती, खानसामा, माळी आणि आया. हा मागचा भाग कुठल्याच पुस्तकात नीट येत नाही.

पणजीच्या दोन वस्तू घरात उरल्यात. एक गोधडी, आणि एक चिठ्ठी. त्या काळी साहेब बदलून गेला की मडम नोकराला इंग्रजीत शिफारशीची चिठ्ठी लिहून द्यायची, ती दाखवून पुढच्या बंगल्यात काम मिळायचं. ही चिठ्ठी टाईप केलेली आहे, चार घड्या, घडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर भोक पडलंय. आत लिहिलंय की बाई प्रामाणिक आहे, स्वच्छ आहे, मुलांना लळा लावते. खाली मडमची झोकदार सही, पूर्ण नाव, आडनाव, नवऱ्याच्या पलटणीचं नाव. पणजीचं नाव पूर्ण कागदावर कुठेच नाही, सगळीकडे नुसतं आया. आणि ही चिठ्ठी पणजीने आयुष्यभर जपली, तिला वाचता येत नव्हतं तरी.

गोधडीचं पण सांगायलाच हवं. वरच्या थराला लुगड्याचे तुकडे आहेत, मध्ये खाकी कापडाची एक पट्टी आणि एका कोपऱ्यात लहान मुलीच्या फ्रॉकचं असावं असं बारीक निळ्या फुलांचं कापड, गोऱ्या घरातलंच असणार, आपल्याकडे तेव्हा असं कापड कोण घेत होतं. धावदोरा इतका जवळजवळ घातलाय की फ्रॉकचं कापड विरलं तरी टाके जागेवर आहेत.

अडचण

पहिली अडचण कागदांची. मडमचा शोध एका संध्याकाळीच लागला. ब्रिटिश इंडियातल्या गोऱ्या कुटुंबांचे जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी चर्चच्या रजिस्टरमधून लंडनला जायच्या आणि त्यातलं खूप काही आता ऑनलाईन शोधता येतं, त्यामुळे मडमचं लग्न कुठे झालं, मूल कधी झालं, सगळं सापडलं. पणजीचं काहीच नाही. लोक सांगायचे, अगं रामकुंडावर जा, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की काढून देतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण या घरातल्या माणसांना त्या काळी रामकुंडावर कोण येऊ देत होतं? अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला तो याच नाशकात, आणि दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चार दरवाजांवर जी पहिली तुकडी बसली त्यात १२५ पुरुष आणि २५ बायका होत्या. पणजी तेव्हा विशीत होती. ती त्यात होती का हे घरात कोणालाच सांगता येत नाही आणि आम्हीही तसं कुठे लिहिलं नाही, मोह खूप झाला तरी.

म्हणजे गोऱ्यांच्या कागदात ती नाही आणि आपल्या चोपड्यातही नाही. माझ्या मते अख्ख्या कामाचा गाभा हाच होता, पण आम्हाला तो उशिरा दिसला. भिंतीवरच्या मजकुराचा पहिला मसुदा सगळा इंग्रजांवर होता, त्यांनी तिचं नाव पुसलं वगैरे.

दुसरी अडचण फोटोची. पणजीचा एकही फोटो नाही. चित्रकार बाईने मुंबईच्या चोर बाजारातून एक जुनं पोस्टकार्ड आणलं होतं, त्यावर अशीच एक आया, मांडीवर गोरं बाळ, मागे स्टुडिओचा पडदा. बाई कोण, कुठली, काही लिहिलेलं नाही. असे फोटो तेव्हा ढिगाने निघायचे, इंग्रज सरकारने तर १८६८ ते १८७५ मध्ये आठ खंड छापले होते, इथल्या माणसांचे जातीनुसार, जमातीनुसार नमुने म्हणून. तिचा विचार होता की हेच पोस्टकार्ड आठ फूट उंच करून दारातच लावायचं.

तिसरी आणि सगळ्यात अवघड अडचण घरची. एका वर्तमानपत्रात प्रदर्शनाची बातमी आधीच आली, गॅलरीने पाठवलेल्या माहितीवरून, आणि त्यात आडनाव आणि गाव दोन्ही छापलं गेलं. सकाळी सातला काकांचा फोन. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत भांडण पेटलं, कोणी म्हणे आम्ही शिकून सवरून इतके वर आलो आणि तू आम्हाला परत साहेबाच्या मागच्या दारात नेऊन बसवतेस, कोणी म्हणे जात काढायची काय गरज होती, आणि एकाने जे लिहिलं ते मी इथे लिहित नाही पण अर्थ असा की विधवा बाई कॅम्पात राहायची म्हटल्यावर लोक काय समजणार.

हे शेवटचं नुसतं मनाचं खूळ नाहीये. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावण्यांमध्ये सैनिकांसाठी बायका ठेवण्याची, त्यांची नोंद करण्याची, जबरदस्तीने तपासणी करण्याची रीतसर पद्धत बसवली होती, १८६८ ला आणखी एक कायदा आला, तो १८८८ ला रद्द झाला. पणजी कामाला लागली ती त्यानंतर पन्नास वर्षांनी, पण छावणीत राहणाऱ्या बाईकडे बघायची नजर काही कायद्याबरोबर रद्द झाली नव्हती. पोरीबाळींना वाढवणारी, रात्रभर दुसऱ्याच्या बाळाला जागणारी बाई, आणि तिच्याच घरात तिचं काम लपवायची वेळ यावी, याचा मला आजही त्रास होतो.

समोर कोणते पर्याय होते

प्रदर्शनाला पाच आठवडे होते. प्रदर्शन रद्द करायचं, हा पर्याय चित्रकार बाईनेच पहिल्यांदा मांडला, रडूनच मांडला. दुसरा पर्याय गॅलरीचा, की काम तुझं आहे, पणजी तुझीही आहे, घरचे काय नेहमीच बोलतात, चालू ठेव. कायद्याने बघितलं तर हे बरोबरही असेल. पण ज्या बाईला आयुष्यभर कोणी विचारलं नाही तिच्यावरचं प्रदर्शन तिच्या मुलीला न विचारता करायचं, हे मला पटत नव्हतं. मुलगी म्हणजे चित्रकार बाईची आत्याआजी, वडिलांची आत्या, नव्वदीला टेकलेली, नाशिकरोडला राहते. गंमत म्हणजे ग्रुपवर एवढं सगळं चाललं होतं त्यात आत्याआजीचं मत कोणी घेतलंच नव्हतं, कारण तिच्याकडे स्मार्टफोन नाही.

तिसरा पर्याय, पोस्टकार्डाऐवजी चित्रकार बाईने स्वतःच आयेचा वेष करून तसाच स्टुडिओ फोटो काढायचा. कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात असंच काम केलंय, इंग्रजांनी काढलेल्या नमुना-फोटोंमध्ये स्वतः उभं राहून ती पद्धतच उघडी पाडली. ताकदीचं काम आहे. पण तिथे प्रश्न नमुन्याचा होता, इथे एक ठरावीक बाई होती, जिची मुलगी जिवंत होती. आपल्या आईच्या जागी नात वेष करून उभी राहिलेली बघून तिला काय वाटेल, हा प्रश्न आम्ही तोवर स्वतःला विचारलाच नव्हता.

आणि एक पर्याय लंडनचा. बोटीवरून गोऱ्या मुलांना सांभाळत इंग्लंडला गेलेल्या आणि तिकडे वाऱ्यावर सोडलेल्या आयांसाठी लंडनच्या हॅकनी भागात एक वसतिगृह होतं, तिथल्या इमारतीवर २०२२ ला स्मृतीची निळी पाटी लागली आणि त्यामुळे तेव्हा या विषयाकडे जगाचं लक्ष होतं. गॅलरीची इच्छा होती की तो धागा जोडावा, परदेशातून विचारणा येईल. पण पणजी कधी बोटीत बसलीच नव्हती. तिचं सगळं आयुष्य देवळाली ते नाशिकरोड एवढ्या पट्ट्यात गेलं. तिला लंडनला नेलं असतं तर ती परत दुसऱ्याच कोणाच्या तरी गोष्टीत कामाला लागली असती.

काय केलं

आम्ही आत्याआजीकडे गेलो. चित्रं, मसुदा, पोस्टकार्ड सगळं घेऊन, आणि फक्त घरातल्या बायकांना बोलावलं, लेकी, सुना, नाती, ज्या काकूचा नवरा सगळ्यात जास्त चिडला होता तिला पण. पुरुषांना नंतर सांगू असं ठरवलं. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो, कारण पुरुष असते तर बोलणं इज्जतीवर राहिलं असतं, बायका कामावर बोलल्या.

आत्याआजीने पोस्टकार्ड हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही कोण बाई? ही काही माझी आई नाही. हिची पण कुठंतरी लेक असंल ना." तिथेच आठ फुटी फोटोचा विषय संपला.

मग ती बोलायला लागली. लहानपणी ती आईबरोबर बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायची, आई रात्री आत झोपायची, मडमच्या मुलीच्या खोलीत खाली जमिनीवर, आणि ही इकडे एकटी. आई आपल्याला सोडून दुसऱ्याच्या पोरीजवळ झोपते म्हणून रागाने तिने एकदा ती निळ्या फुलांची फ्रॉक, वापरलेली म्हणून दिलेली, चुलीत घालायला काढली होती, आईने ती ओढून घेतली आणि गोधडीला लावली. पुढे म्हणाली, मडमनी कधी खुर्चीवर बसवलं नाही, पण पाणी हातात द्यायची, गावच्या आडावर तेवढं पण नव्हतं. हे ऐकून माझा मसुदा कोलमडला. मडम चांगली होती असं ती म्हणत नव्हती, आणि वाईट होती असंही नाही. दोन्हीकडची वागणूक तिने अंगावर काढली होती आणि ती दोन्ही सांगत होती.

नावाचं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या नाव नको, कशाला. आत्याआजी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली, "नाव सोडून सगळं दिलं तिनं लोकाला. नाव लिवा. माहेरचं पण लिवा." माहेरचं नाव घरात दुसऱ्या कोणालाच माहिती नव्हतं, लग्नात बदललेलंच चालत आलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

मग ठरलं ते असं. प्रदर्शनात पणजीची दोन्ही नावं मोठ्या अक्षरात, पण आडनाव आणि गाव कुठेच नाही, कारण त्याची झळ जिवंत माणसांना बसत होती. इथे लेखात नावंही काढली ती माझ्या आग्रहावरून, प्रदर्शन चार भिंतीत होतं, हे कुठेही फिरेल. पोस्टकार्ड लावायचं, पण आहे त्याच आकारात, शेजारी साफ लिहायचं की ही बाई कोण ते माहिती नाही आणि ही आमची पणजी नाही. रेकॉर्डिंगमधलं काय ऐकवायचं ते आत्याआजी निवडणार. मजकूर मी नव्याने लिहिला, त्यात बंगला पण आला आणि गावचा आड पण. गॅलरीला हे आवडलं नाही, त्यांचं म्हणणं जातीचा मुद्दा आणला की विषय भरकटतो. मला वाटतं उलटं आहे, तो काढला की पणजी कॅम्पात का गेली हेच कळत नाही.

मुख्य काम बदललं. मूळ गोधडी काचेत ठेवायची ठरली होती, त्याऐवजी तिने चिठ्ठीचा मजकूर गोधडीच्या आकारात कापडावर उतरवला आणि जिथे जिथे आया असं होतं तिथे वस्तीतल्या सहा बायकांनी मिळून धावदोऱ्याने पणजीचं नाव भरलं, एकदा माहेरचं, एकदा सासरचं. सहाही जणींना रोजाप्रमाणे पैसे दिले आणि त्यांची नावं कामाच्या पाटीवर चित्रकार बाईच्या नावाबरोबर, त्याच आकारात.

आणि प्रदर्शन आधी गॅलरीत न लावता वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये लावलं. दिवे साधे, भिंतीला चुना, खिळे मारायला पण अडचण. तरी हे आधी व्हायला हवं होतं, कारण ज्यांना लोक काय म्हणतील ची भीती होती ते लोक म्हणजे हेच.

काय झालं

जानेवारीची थंडी होती तरी संध्याकाळी हॉल भरायचा. काय म्हणाले लोक? जे म्हणतील अशी भीती होती ते कोणीच म्हणालं नाही, निदान तोंडावर नाही. उलट बायका यायच्या आणि स्वतःचं सांगायच्या, कोणाची आजी कॅम्पात धुणी धुवायची, कोणाचे आजोबा मेसमध्ये भांडी घासायचे. एका मावशींनी घरून पत्र्याचा डबा आणला, त्यात तशीच एक चिठ्ठी, ती आजवर घरात कोणी वाचलीच नव्हती कारण इंग्रजी होती. तिथेच बसून वाचून दाखवली.

आत्याआजीने निवडलेलं रेकॉर्डिंग म्हणजे जात्यावरच्या ओव्या, आईने तिला शिकवलेल्या. आम्हाला बंगल्याची हकिगत हवी होती, तिने ओव्या निवडल्या, त्यात एक शब्द साहेबाचा नाही. भाऊ, माहेर, पाऊस आणि बाबासाहेब. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या त्यातही बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे, म्हणजे ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी स्वतःची नोंद ठेवलीच होती, आपण ती कागदात शोधत बसलो. सात वर्षं बंगल्यात काढूनही बाईच्या गाण्यात बंगला नाही, हे मला सगळ्या प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं उत्तर वाटलं.

काका दुसऱ्या दिवशी आले, नावासमोर थांबले, काही न बोलता गेले. नंतर गॅलरीतही आले. पण घरातली एक शाखा अजून बोलत नाही आणि त्यांच्यापुरता हा प्रश्न सुटलेला नाही, तो सुटला असं लिहिणं खोटं होईल. गॅलरीत प्रदर्शन चांगलं चाललं, मुंबईच्या एका संग्राहकाने शिवलेलं काम मागितलं, तिने ते विकायचं की नाही हे सहा जणींना विचारून ठरवलं, विकलं, पैसे वाटून घेतले. मूळ गोधडी आणि चिठ्ठी आत्याआजीकडेच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आत्याआजीला बातमी छापून यायच्या आधी भेटायला हवं होतं हे तर उघड आहे. पण नुसतं आधी भेटून भागलं नसतं, आधी भेटलो असतो तर तिला तयार आराखडा दाखवून हो म्हणवून घेतलं असतं, आणि ती हो म्हणालीही असती, कारण नातीच्या कौतुकापुढे म्हाताऱ्या माणसांना नाही म्हणता येत नाही. पोस्टकार्ड तिच्या हातात दिलं आणि आम्ही गप्प बसलो म्हणून ती बोलली. दुसरं, गॅलरीबरोबर लेखी करार करताना बातमीत काय जाईल आणि काय जाणार नाही ही अट पहिल्या पानावर हवी. पैशाची, लांबी-रुंदीची, विम्याची कलमं असतात, आडनाव छापायचं की नाही याचं एकही नव्हतं. रेकॉर्डिंगचंही तेच, आता एका पानावर लिहून घेतलंय की ओव्या कुठे वाजवायच्या हे आत्याआजीनंतर तिची लेक ठरवेल, चित्रकार नाही.

आणि मडमच्या घरच्यांचं. त्यांचे वंशज इंग्लंडमध्ये कुठे आहेत ते सुरुवातीलाच कळलं होतं, त्यांच्याकडे अल्बम असू शकतो, त्यात पणजी असू शकते. चित्रकार बाईने त्यांना मुद्दाम लिहिलं नाही, तिला भीती होती की मग ही परत त्यांचीच गोष्ट होईल, त्यांची आठवण, त्यांची आया. मला तेव्हा ते पटलं होतं. प्रदर्शन संपल्यावर आत्याआजीला सहज सांगितलं तर ती म्हणाली, "मग विचारा की, मला तोंड आठवत नाही तिचं." एका डोळ्याने तिला आता जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हे पत्र कामाच्या सुरुवातीलाच जायला हवं होतं. आता गेलंय, आत्याआजीच्या नावाने, आणि त्यात तीन अटी घातल्यात: फोटो असेल तर त्याची प्रत आधी आत्याआजीकडे यावी, ती हो म्हणेपर्यंत गॅलरीत किंवा ऑनलाईन कुठेही जाऊ नये, आणि त्यांच्या अल्बममध्ये त्या फोटोखाली पणजीचं नाव लिहावं, स्पेलिंग पत्रात दिलंय.